फोनवर वाढलेली झाडं

आमच्या रुग्णगटात मध्यंतरी एक मराठी मुलगी आली. तिला नुकतंच मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं होतं. सुरुवातीची वर्षं कशी काढलीत, असं तिने मला विचारलं. मी तिच्याशी तासभर बोलले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती इथे लिहिते आहे. औषधांची नावं आणि डोस यात सापडणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. घरातल्यांची नावं बदलली आहेत. माझ्या नवऱ्याला इथे प्रशांत म्हटलं आहे. त्याने हे सगळं वाचलं आहे आणि एकही ओळ काढायला सांगितलेली नाही. एवढं त्याच्या बाजूने आधीच नोंदवते.

ब्रेक

मी जर्मनीत वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. आम्ही शेजारच्या गावात राहायचो. प्रशांत, मी आणि आमची मुलगी ईरा. पुण्याहून येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. एका संध्याकाळी घरी येताना मी सिग्नलला ब्रेक दाबला आणि पायाखाली काही लागलंच नाही. गाडी थांबली, म्हणजे पाय पेडलवर होता. पण मला तो कळत नव्हता. पुढे रस्त्याकडेला श्पार्गेलची, म्हणजे पांढऱ्या शतावरीची शेतं लागतात. तिथे मी गाडी बाजूला घेतली आणि उजव्या पायाला चिमटे काढत बसले. चिमटा काढणाऱ्या बोटांना पाय लागत होता, पायाला बोटं लागत नव्हती.

मग हायडेलबर्गचं हॉस्पिटल. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढलं. पुन्हा एमआरआय झाला. शेवटी एक उंच, शांत डॉक्टर बाई आमच्यासमोर बसल्या आणि मला समजेल इतक्या सावकाश जर्मनमध्ये म्हणाल्या की हा एमएस आहे, हा बरा होत नाही, पण याच्यासोबत पुष्कळ वर्षं चांगलं जगता येतं. मी मान हलवली. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की ईराला क्लासवरून आणायला आज कोण जाणार.

प्रशांतचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं. त्याने भरभर विचारायला सुरुवात केली. ती किती वर्षं काम करू शकेल, व्हीलचेअर कधी लागेल, आणि हे सगळं तिला आताच सांगायची गरज आहे का. त्याला वाटलं मला कळत नाहीये. डॉक्टर बाईंनी त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, तुमच्या पत्नी इथेच बसल्या आहेत, त्यांनाच विचारा.

गाडीत बसल्यावर तो मला म्हणाला की तुझा प्रकार माइल्ड आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. तसं त्या काहीही म्हणाल्या नव्हत्या. मला ते प्रेम वाटलं, आणि होतंही.

शेजारची खाट

कॉर्टिझोनच्या सलाइनसाठी मला ठेवून घेतलं. ज्यांना पुढे हे घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगते, तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव राहते, चेहरा लाल होतो आणि माणूस बडबडं होतं. सकाळी उजाडायच्या आत नर्स येऊन रक्तदाब बघायची. नाश्त्याला पाव आणि चीज, रात्रीच्या जेवणाला पुन्हा पाव आणि चीज. प्रशांत डब्यात वरणभात आणायचा. झाकण उघडलं की हिंगाचा वास खोलीभर पसरायचा आणि मला संकोच व्हायचा.

शेजारच्या खाटेवर उर्सुला होती. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, दोन काठ्यांवर चालणारी, आणि हाच आजार तिला माझ्या किती तरी वर्षं आधीपासूनचा. पहिल्या दिवशी तिने डब्यातलं काय आहे ते विचारलं, दुसऱ्या दिवशी चमचा पुढे केला. मी रडायला लागले की ती काही समजवायची नाही. रडून झालं की म्हणायची, आता नाक शिंकर आणि चल, कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन येऊ. आम्ही जायचो. माझं वय चाळीसही नव्हतं आणि ती माझ्यापेक्षा भराभर चालायची.

तिकडे प्रशांतने घरचा कारभार सांभाळला होता. पुण्याला सासूबाईंना त्याने व्हायरल इन्फेक्शन आहे म्हणून सांगितलं, मराठी मंडळातल्या लोकांना पाठीचं दुखणं आहे म्हणून. मला विचारलं नाही. गणपतीला मी खुर्चीवर बसून आरती केली तर बायका मला पाठीचे व्यायाम सांगत होत्या. आजारी माणसाच्या वतीने घरचे लोक किती सहज बोलायला लागतात, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पाय

बधिरपणा गेला. त्याच्या जागी ताठरपणा आला. संध्याकाळ झाली की पोटऱ्या आतून कुणीतरी पिळतंय असं व्हायचं, पाय सरळ ताठ व्हायचे आणि वाकवायचे म्हटलं तर वाकायचे नाहीत. सोफ्यावरून उठताना प्रशांतला माझ्या गुडघ्यामागे हात घालून पाय मोडावा लागायचा, घडीची खुर्ची मोडतात तसा. त्यावरच्या गोळ्यांनी पाय सैल व्हायचे, पण मीही सैल व्हायची. एकदा मीटिंगमध्ये बोलता बोलता माझं वाक्य अर्धंच राहिलं आणि डोळे मिटले. त्यानंतर माझ्याकडची महत्त्वाची कामं हळूहळू दुसऱ्यांकडे गेली.

उर्सुलाशी फोन चालू होता. एकदा तिने घरी बोलावलं आणि सांगितलं की तिच्या पायांना ज्याने आराम पडतो ते तिने स्वतःच वाढवलेलं आहे. जुन्या कपड्यांच्या कपाटात दिव्याखाली तिची झाडं होती. गांजाची. मी पुण्यातल्या शिक्षकाची मुलगी, कॉलेजात सिगारेटसुद्धा कधी ओढली नव्हती. मी घाबरून परत निघाले. पण त्या दुपारी माझे पाय इतके वाईट होते की पायऱ्या उतरता येईनात. तिने लोण्यात शिजवून केलेलं काहीतरी बिस्किटाएवढं मला दिलं. तासाभराने पाय माझे झाले. नशा म्हणाल तर मला फक्त तिच्या खिडकीतलं मांजर फार सुंदर दिसत होतं.

मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फायदा होतो हे त्यांना माहीत आहे, पण त्या ते लिहून देऊ शकत नाहीत. त्यासाठी तेव्हा सरकारकडून खास परवानगी लागायची आणि ती फार थोड्यांना मिळायची. अर्ज करू, पण आशा धरू नका, म्हणाल्या. घरी वाढवण्याबद्दल मी अडखळत विचारलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि म्हणाल्या की हा प्रश्न त्यांनी ऐकलेला नाही.

केलर

प्रशांत नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण त्याने आठवडाभर विचार केला, वाचलं, आणि हो म्हणाला. ते बेकायदा होतं. पकडलो तर काय होईल हे आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून नीट बोललो होतो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे या बोलण्याचाच आधार मला वाटत होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला तळघरात एक कुलपाची खोली होती. त्या केलरमध्ये प्रशांतने एक कपाट उभं केलं. आतून चकचकीत कागद, वर दिवा, वास शोषणारी जाळी, हवेसाठी छोटा पंखा. आजार आल्यापासून त्याला माझ्यासाठी करण्यासारखं काही सापडतच नव्हतं. इथे स्क्रूड्रायव्हरने करता येईल असं काम मिळालं. तो शिट्टी वाजवायला लागला. उर्सुलाने छोट्या कुंड्यांत तिच्या झाडांच्या फांद्या रुजवून दिल्या.

मी पायऱ्यांवरून बसत बसत खाली जायची. प्रशांत स्टूल ठेवायचा. कपाटाचं दार उघडलं की उबदार, ओलसर हवा तोंडावर यायची आणि बाहेर फेब्रुवारी आहे हे विसरायला व्हायचं. झाडं अंगाने भरली. मग उर्सुलाने सांगितलं की आता त्यांचा दिवस लहान करा, दिवा लवकर मालवा. दिवस लहान झाला की झाडाला वाटतं उन्हाळा सरत आला, आता फुलायला हवं. मला वाईट वाटलं, आपण त्यांना फसवतोय म्हणून. ती हसली.

दिवस लहान केल्यावर झाडं एकदम उंच व्हायला लागली, वयात येणाऱ्या मुलांसारखी. फांदी जिथे खोडातून फुटते त्या बेचक्यात मी रोज बघायची. तिथे गोळे आले तर ते नर झाड, ते काढून टाकायचं. पांढरे केस आले तर मादी. फांद्या उर्सुलाच्या मादी झाडांच्याच असल्यामुळे काळजीचं कारण नव्हतं, तरी मी बघायची. एका सकाळी ते केस दिसले. दोन-दोनच्या जोडीने, कापसाच्या धाग्यापेक्षा बारीक, किंचित वाकलेले. मी प्रशांतला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो कुजबुजत म्हणाला, ‘काँग्रॅच्युलेशन्स.’

पुढे त्या केसांचे झुपके झाले आणि वास सुटला. कैरीचा देठ मोडल्यावर चिकाचा येतो तसा, तिखट आणि हिरवा. फुलं तयार व्हायला अजून बरेच आठवडे होते. पण मला त्या वासानेच बरं वाटायचं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या आजारात काहीतरी वाढत होतं आणि ते मला हवं होतं.

आई

याच सुमारास सासूबाई मदतीला आल्या. तोपर्यंत त्यांना खरा आजार सांगितला होता. झाडांबद्दल मात्र प्रशांतने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवसांत त्या कांदे आणायला केलरमध्ये उतरल्या आणि वर येऊन मला म्हणाल्या, ‘खाली गांजा आहे. कुणाचा?’

मी म्हटलं, ‘अहो आई, माझा.’ आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पिशवीतले कांदे टोपलीत लावत बसल्या. मग त्यांनी विचारलं की पाणी रोज घालायचं की दिवसाआड. दुसऱ्या दिवसापासून तेही त्यांनीच सुरू केलं. वाळलेली पानं त्या हलक्या हाताने काढायच्या आणि पदराला हात पुसून वर यायच्या. त्यांच्याबद्दल मला आजही राग धरता येत नाही, याचं कारण ते हात आहेत.

रेहा

मग माझा रेहाचा नंबर लागला. रेहा म्हणजे पुनर्वसनाचं केंद्र. इथला विमा मोठ्या आजारानंतर काही आठवडे तिथे पाठवतो. ब्लॅक फॉरेस्टमध्ये टेकडीवर एक जुनी इमारत होती. झाडांना फुलं येत असताना जायचं माझ्या जिवावर आलं होतं. प्रशांत म्हणाला, ‘तू जा. इथलं मी बघतो. परत येशील तेव्हा तयार असेल.’

तिथला दिवस भरगच्च होता. सकाळी पाण्यातले व्यायाम, मग चालायचं शिक्षण, मग तोल सांभाळायचं, दुपारी टोपल्या विणायच्या. माझ्या टेबलावरच्या बायका नवऱ्यांबद्दल कुरकुरत. एकीचा नवरा दोनच मिनिटं फोन करायचा. माझा रोज संध्याकाळी अर्धा तास बोलायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आधी ईराबद्दल, मग आईंबद्दल, आणि शेवटी मी हळूच विचारायची, ‘आपल्या मंडळींचं काय?’ तो सांगायचा. केस आता दाट झालेत. झुपक्यांची अंगठ्याएवढी बोंडं झालीत. पानांवर साखर सांडल्यासारखं चकाकतंय. एका झाडाची फांदी वजनाने कलली, तिला दोऱ्याने बांधलं. मी फोटो मागितला तर म्हणाला की त्या दिव्याखाली फोटोवर नुसते पट्टे येतात. ते खरंच यायचे, मीही पूर्वी काढून बघितले होते. मग मी डोळे मिटून त्याच्या शब्दांवरूनच बघायची. पाय ताठरले की ती कललेली फांदी डोळ्यांसमोर आणायची. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने विचारलं होतं की मनाला धीर येईल असं कुठलं चित्र तुमच्याकडे आहे का. मी म्हटलं, आहे.

शेवटच्या आठवड्यात मी काठीशिवाय कॉरिडॉर चालून दाखवला.

प्रशांत मला न्यायला आला. गाडी आमच्या गल्लीत वळल्यावर त्याने सांगितलं की वाईट बातमी आहे, झाडांना बुरशी लागली. परवा सगळी टाकून द्यावी लागली, एकही वाचलं नाही. मी त्याचा स्टिअरिंगवरचा हात धरला आणि म्हटलं, ‘जाऊ दे. तू एवढं केलंस. वाईट वाटून घेऊ नकोस.’

हे वाक्य मी त्याला म्हटलं होतं. नंतर कित्येक महिने ते आठवलं की माझा चेहरा जळायचा.

घरात शिरले तर आईंनी पुरणपोळी केली होती. त्या माझ्याकडे न बघता वाढत होत्या. मला वाटलं त्या दमल्या असतील.

बुरशी नव्हती

आई पुण्याला परत गेल्या. पाय पुन्हा पहिल्यासारखे पिळायला लागले. एका दुपारी मी आणि ईरा स्वयंपाकघरात होतो. ती तेव्हा दहा वर्षांची. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी बोलता बोलता तिला म्हटलं की उर्सुलाला नवीन फांद्या मागते, या वेळी बुरशी लागू नये म्हणून काय करायचं तेही विचारते. ईरा गाजर सोलत होती. हात थांबवून ती म्हणाली, ‘आबर मामा, दा वार डोख गार काइन शिमेल.’

पण आई, बुरशी नव्हतीच मुळी.

मी तिला ओरडले नाही. शांतपणे विचारत गेले आणि ती सांगत गेली. मी रेहाला गेले त्याच शनिवारी पापाने झाडं उपटली. कापून पिशव्यांत भरली. पिशवीचं तोंड तिने धरलं होतं. आजी जिन्यात उभी होती आणि काहीतरी म्हणत होती, पण पापाने ऐकलं नाही. कपाटही त्याच दिवशी मोडलं. आणि हे मम्माला ती बरी होईपर्यंत सांगायचं नाही, असं पापाने तिला सांगितलं होतं.

मग तिने मला विचारलं, जर्मनमध्येच, की तू कधी बरी होणार. तिला वाटत होतं की अजून थोडेच दिवस गप्प राहायचं आहे.

म्हणजे मी डोंगरावरून रोज ज्यांची चौकशी करत होते ती झाडं नव्हतीच. एकही दिवस नव्हती. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि घरातले सगळे फोनवर माझ्याशी गोड बोलत होते.

प्रशांत ऑफिसमधून आला तेव्हा मी त्याला बसायला सांगितलं. त्याने नाकारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने जिन्यात कसला वास येतो म्हणून त्याला विचारलं होतं. आमच्या जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा चालू होता. पोलीस आले तर अर्ज जाईल, नोकरी जाईल, ईराच्या शाळेत कळेल. तो घाबरला होता. हे सगळं मला समजत होतं. खरंच समजत होतं.

मी म्हटलं, ‘मला सांगितलं असतंस तर मीच उपटली असती.’

तो म्हणाला, ‘नसतीस उपटली.’

कदाचित ते खरं असेल. मी भांडले असते, रडले असते, उर्सुलाकडे नेऊ म्हटलं असतं. पण पाय माझे होते आणि तो प्रश्न मला विचारला जायला हवा होता.

‘आणि फोनवर?’ मी विचारलं. ‘ती बोंडं, ती साखर, ती कललेली फांदी?’

मग त्याने सांगितलं. तू फोनवर इतकी आनंदात असायचीस, तुझं चालणं सुधारत होतं, रोज ठरवायचो उद्या सांगू. आणि इंटरनेटवर वाचायचो, त्या आठवड्यात झाडं कुठपर्यंत आली असती ते. चुकीचं काही बोललो तर तुला शंका येईल म्हणून.

त्याने झाडं उपटली याबद्दल मी त्याला कधीतरी माफ केलं असतं, बहुतेक त्याच महिन्यात. पण मेलेली झाडं त्याने माझ्यासाठी फोनवर वाढवली, आठवड्यामागून आठवडा, अभ्यास करून. मी त्याला फक्त एवढं सांगितलं की ईराला यात घ्यायला नको होतंस. तेव्हा तो रडला.

मी आईंना पुण्याला फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मी त्याला सांगत होते गं, तिला कळू दे म्हणून. पण तो म्हणाला तिची तब्येत बिघडेल. मी आई त्याची.’ मी फोन ठेवला. पुढे कित्येक दिवस आम्ही फक्त हवामानावर बोललो.

धरायचा हात

लोक विचारतात, मग तू निघून का गेली नाहीस. कुठे जाणार होते? हे आजारपणाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. ज्या माणसावर आपण प्रचंड रागावलेलो असतो, त्याच माणसाच्या हाताला धरून बाथरूमपर्यंत जावं लागतं. तो हात पुढे करायचा, मी धरायची. गुडघ्यामागे हात घालून माझा पाय मोडून द्यायचा, मी ‘थँक्स’ म्हणायची. ऑफिसमधल्या माणसाला म्हणतात तसं. काही महिने तो अभ्यासिकेत झोपत होता.

मला सावरलं ते उर्सुलाने. मी तिला सगळं सांगितलं. तिने प्रशांतला नावं ठेवली नाहीत, याचा तेव्हा मला राग आला. ती म्हणाली की तिच्या आजाराच्या पहिल्या वर्षांत तिच्या बहिणीने डॉक्टरांना परस्पर फोन करून ठरवलं होतं की उर्सुलाला काय सांगायचं आणि काय नाही. पुढे ती बहिणीशी बोलायला लागली, पण डॉक्टरांकडे तिला कधी नेलं नाही. ‘तेवढी एक खोली माझी ठेवली,’ ती म्हणाली. मीही तसंच केलं. तपासणीला एकटी जायला लागले. प्रशांत बाहेर गाडीत थांबायचा. डॉक्टर जे बोलतील ते मी त्याला नंतर सांगायची, मला हवं तेवढं. झाडं पुन्हा लावली नाहीत. उर्सुलाकडेही मागितलं नाही, तिच्या कपाटातलं तिलाच कसंबसं पुरायचं.

ईराबरोबर बसून मी तिला सांगितलं की हा आजार बरा होणारा नाही, आणि त्यामुळे मी बरी होईपर्यंत ठेवायचं असं कुठलंच गुपित आपल्या घरात असू शकत नाही. तिने विचारलं की तिच्यावर मी रागावले आहे का. मी नाही म्हटलं. ती ‘गुट’, म्हणजे बरं, म्हणाली आणि उठून गेली. मग दारातून परत येऊन मला मिठी मारली.

काचेची डबी

दोन हजार सतरा साली इथला कायदा बदलला. डॉक्टरांना गांजा लिहून देता यायला लागला. विम्याशी पत्रव्यवहार झाला, एकदा नकार आला, डॉक्टर बाई माझ्या बाजूने लढल्या आणि मंजुरी मिळाली. मी स्वतः बसने अपोथेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात गेले. तिथल्या तरुण फार्मासिस्टने खोकल्याचं औषध द्यावं तितक्या सहजपणे एक छोटी डबी काउंटरवर ठेवली आणि कसं घ्यायचं ते समजावलं. मी बाहेर बाकावर बसले आणि खूप वेळ उठले नाही. याच गोष्टीसाठी आम्ही तळघरात लपलो होतो.

त्याने सगळं ठीक होतं असं नाही. काही दिवस उपयोग होतो, काही दिवस नाही. पण संध्याकाळी मी सोफ्यावरून बहुतेक वेळा स्वतः उठते. ज्यांना हवं असेल त्यांनी डॉक्टरांशी बोला, केलरच्या वाटेला जाऊ नका.

घरी आले तेव्हा प्रशांत आणि ईरा जेवणाची तयारी करत होते. प्रशांतने विचारलं, बघू का. मी डबी उघडून दिली. त्याने एक फूल तळहातावर घेतलं. सुकलेलं, घट्ट, पानांच्या कडांना बारीक चकाकी. त्याने ते दिव्याखाली धरलं, उलटं करून बघितलं. तयार झालेलं फूल त्याने यापूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. मला सांगत होता ते सगळं वाचलेलं होतं.

तो हळू आवाजात म्हणाला, ‘वंदना, मी तुला रोज खोटं सांगितलं.’

तोपर्यंत त्याने घाबरलो म्हटलं होतं, तुझ्यासाठी म्हटलं होतं, सॉरीही पुष्कळदा म्हटलं होतं. हे वाक्य पहिल्यांदाच म्हणत होता.

मी म्हटलं, ‘हो.’ आणि फूल परत डबीत ठेवलं.

आजारी माणसाच्या घरच्यांना मला एवढंच सांगायचं आहे. आमच्या अंगातलं काय काय आमच्या ताब्यातून गेलेलं असतं ते तुम्हाला दिसतं. जे उरलेलं असतं, त्यात काय खरं आहे हे कळण्याचा हक्क असतो. आमची तब्येत बिघडेल म्हणून तो काढून घेऊ नका. तब्येत बिघडलेलीच आहे.

प्रशांत चांगला नवरा आहे. मी हे उपरोधाने लिहीत नाही. तो माझी फिजिओची वेळ विसरत नाही, माझ्या बुटांना आत मऊ पट्टी लावून देतो, आणि आता मला विचारल्याशिवाय माझ्याबद्दल कुणाशी बोलत नाही. आम्ही हसतो, सिनेमे बघतो, ईराच्या अभ्यासावरून भांडतो. संध्याकाळी फिरायला निघताना तो दारात उभा राहून म्हणतो, बाहेर थंडी नाहीये, जाकीट नको. मी हो म्हणते, आणि खिडकी उघडून हात बाहेर काढून बघते.